तीन खाचांची खूण

मधाच्या झाडावर उमाजी तीन खाचा घालायचा. दोन आडव्या, एक तिरकी. अणशीच्या वरच्या अंगाला आठ घरांची वाडी. तिथं पोळं ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं बुंध्यावर आपली खूण घालायची. मग ते पोळं सुकून गळून पडलं तरी दुसरा कुणी हात लावत नाही. ही खूण उमाजीच्या आज्यापासूनची. रानातल्या वाटा मोडल्या, नव्या झाल्या, पण ती खूण कुणी मोडली नाही.

त्याच खुणेनं त्याला बुडवलं.

तीन वर्षांमागं शिमग्याच्या तोंडावर डोंगर पेटला. चार घरांच्या गवताच्या गंज्या गेल्या. शेजारच्या ताराचा गोठा गेला, आत बांधलेली दोन वासरं गेली. आग जिथून उठली तिथं किंदळीचं झाड होतं. खाली मधमाशा उठवायची अर्धी जळलेली चूड, आणि बुंध्यावर तीन खाचा. फॉरेस्टच्या साहेबानं वाडी गोळा केली आणि कन्नडात विचारलं, ही खूण कुणाची? बाकीच्या सातही घरांनी एका तोंडानं सांगितलं, उमाजीची. कुणी खोटं बोललं नाही. खूण कुणाची हे सांगितलं म्हणजे आग कुणी लावली हे सांगितलं, असं कुणाच्या मनातही नव्हतं. साहेबानं लिहून घेतलं आणि खाली सह्या, अंगठे घेतले.

उमाजीला विचारलं तेव्हा तोही म्हणाला, "व्हय, माझीच." खूण नाकारणं त्याला बाप नाकारल्यासारखं वाटलं.

पण त्यानं ती चूड पाहिली होती. वाडीची माणसं चूड रानवेलीनं बांधतात. हिच्या मुठीला माल बांधायची निळी नायलॉनची दोरी वितळून चिकटली होती. साहेबानं ती पाहिली नाही, कोर्टात कुणी विचारली नाही.

आणि आणखी एक गोष्ट वाडीला ठाऊक नव्हती. त्या साली ते झाड त्यानं रुक्माला दिलं होतं. रुक्मा त्याची धाकटी बहीण, नवरा गेल्यावर माहेरच्या वाडीतच घर करून राहिलेली. बहिणीला पोळं द्यायचं ते खूण न बदलता, चार माणसांत न सांगता. दिलेलं बोलून दाखवलं तर मध आंबतो म्हणतात. रुक्माचा एकुलता सुदेश रामनगरात टेम्पो चालवायचा. त्याच आठवड्यात तो दोन दिवस घरी आला होता.

उमाजी चाळीस दिवस कारवारच्या जेलात राहिला, मग जामिनावर घरी आला. यंदाच्या पावसाळ्यात कोर्टानं त्याला सोडलं. पुरावा पुरेसा नाही, एवढंच म्हटलं. त्यानं केलं नाही, असं कुठल्याच कागदावर नव्हतं. आणि तीन वर्षांत वाडीचं मनही हळूहळू साहेबाच्या कागदासारखं झालं होतं: खूण उमाजीची, म्हणजे आगही उमाजीचीच.

नव्या भाताचं जेवण वाडी देवापुढं एकत्र जेवते. तीन वर्षं उमाजीच्या घरचं पान मांडलं नव्हतं. यंदा देवापुढं त्याला विचारून काय ते ठरणार होतं. आदल्या दिवशी रुक्मा आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"आण्णा, उद्या तुला उभा करणार म्हनं."

"व्हय."

रुक्मा खालच्या आवाजात म्हणाली, "मध काढाय गेला तवा पोरानं पाणी न्हेलं न्हवतं चूड विझवायला. आल्या आल्या सांगितलं मला. मीच म्हटलं, गप बस."

"तीन वर्षं?"

"तू सुटशील म्हटलं. सुटलास की."

आतून उमाजीची बायको केशर म्हणाली, "सुटला व्हय? मी झऱ्यावर गेले की बाया आपली घागर उचलून लांब ठेवत्यात. असलं सुटणं तुझ्या घरी न्हे, रुक्मा."

दुसऱ्या दिवशी बुधवंत गणपती, वाडीचा न्याय करणारा म्हातारा, देवाच्या दगडाशी बसला.

"उमाजी, हात लाव आणि सांग."

उमाजीनं दगडावर हात ठेवला. "आग मी लावली न्हाई."

"बरं. मग त्या दिशी झाड कुणाच्या हाती हुतं? तुझ्या खुणेला तू दिल्याबिगर कोण शिवंल?"

तीन वर्षांत हा प्रश्न साहेबानं केला नव्हता, वकिलानं केला नव्हता. उत्तराला एक नाव पुरेसं होतं. बायांत रुक्मा उभी होती, चेहऱ्यावर उन्हाची तिरीप, तरी डोळे मिटत नव्हते. तिच्या पलीकडं वासरांची तारा. अलीकडं केशर, नवऱ्याकडं एकटक बघत. आणि रामनगरात कुठंतरी सुदेश गाडीत माल भरत असणार, ज्याच्या कमाईवर रुक्माची चूल पेटत होती.

"झाड माझं हाय," उमाजी म्हणाला. "खूण माझी हाय."

"हे उत्तर न्हवं, बाबा."

"माझ्यापाशी एवढंच हाय."

गणपतीनं दगडावरचा उमाजीचा हात बाजूला केला. मग त्यानं पानं मांडायला सांगितली. सात पानं मांडली गेली, उमाजीचं सोडून. केशर घराच्या वाटेला लागली, आणि तिच्या मागून उमाजी.

शेवटचं पान रुक्माचं होतं. वाढणाऱ्यानं भात वाढला. तिनं मान खाली घातली आणि पहिला घास उचलला.