अक्काच्या नावेतला दगड

अक्का समोरच्याला रामराम करण्याआधी त्याचं वजन जोखते. डोळे बारीक करून एकदा वरून खाली पाहिलं की झालं. मला पाहून तिचा चेहरा जो उजळला, तसा माझ्या सासरीसुद्धा कधी कुणाचा उजळला नव्हता. "भाऊ, तुन्हं वजन कामनं शे," ती म्हणाली. माझ्या पोटाचा काही उपयोग आहे, हे आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

अक्का माझ्या आईच्या गावची, पांझरेवरच्या धरणाच्या काठची. तिचा नवरा, म्हणजे आबा, असेपर्यंत दोघं मिळून नाव वल्हवायची. आबा पुढे, अक्का मागे, दोघांच्या हाती एकेक वल्हं. आबा गेले आणि नावेचं पुढचं टोक हलकं झालं. वारा सुटला की नाव गिरकी घ्यायची. अक्कानं आबांच्या जागी एक काळा दगड ठेवला आणि मासेमारी चालू ठेवली. पण जळगावात रिक्षा चालवणारा मुलगा, गोकुळ, रोज फोन करी. "आई, नाव इकी टाक. जळगावले चाल. तू एकली पानीमा जास, माले झोप येत नही."

"एकली कोठे? भाऊ शे ना नावमा!"

तो भाऊ मी. देवपूरच्या एका कॉलेजातला कारकून, दर रविवारी दगडाच्या जागी रुजू होणारा. उरलेले सहा दिवस दगडच असे, हे गोकुळला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं काम एकच, न हलणं. "दगड बोले नही, हाऊ बोलस, येवढाच फरक," असं ती गावभर सांगे. तिला दमलेली पाहून मी एकदा जोर लावायचा सल्ला दिला, तर म्हणाली, "पानीसंगे भांडाणं नही. वल्हं बुडाव, वढ, अन सोडी दे." हे मी घरच्या भांडणात वापरून पाहिलं. 'सोडी दे'पर्यंत मी अजून पोचलेलो नाही.

आबांचं वल्हं माझ्या पायाशी पडलेलं असे. एकदा हौसेनं उचललं. "ते ऱ्हाऊ दे, भाऊ," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर काठ येईपर्यंत मी दगडाहून गप्प होतो.

शेवटी गोकुळला दगडाचं कळलंच. एका रविवारी सून मंगल सासूला न्यायला आली. सामान बांधून झालं. पाण्यातलं जाळं तेवढं काढायचं राहिलं होतं. नेमकी माझी कंबर धरलेली, म्हणून पुढे मंगल बसली. पोरगी वजनानं हलकी, त्यात कापसाच्या शिवारातली; नावेच्या दोन्ही कडा तिनं घट्ट धरलेल्या. जाळं वर आलं आणि वारा सुटला. नाव फिरू लागली. मला पोहता येत नाही, म्हणून काठावरून ओरडायचं काम मी केलं.

"उचल ते वल्हं, पोरी!" पाण्यावरून अक्काचा आवाज स्वच्छ आला.

"कोनती बाजूले मारू, आत्या?"

"मी मारस, तेना उल्टा बाजूले!"

दोन-चारदा नुसतंच पाणी उडालं. मग दोन्ही वल्ही एकदम बुडाली, एकदम उठली आणि नाव सुतासारखी सरळ काठाला आली. चिंब भिजलेल्या मंगलनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "आत्या येत नहीत. तुम्हीच या."

गोकुळची रिक्षा आता धरणाजवळच्या साक्रीला चालते.

मी अजूनही रविवारी जातो. अक्का मला वरून खाली पाहते, हसते आणि चहा पाजून मंगलसोबत पाण्यात जाते. काळा दगड चिंचेखाली असतो. मी त्याच्यावर बसून दोन वल्ह्यांची लय बघतो. आम्ही दोघंही निवृत्त; बोलतो मात्र मी एकटाच.