रंगरावाच्या राण्या

रंगराव हे त्याचं खरं नाव नव्हतं. ते लहानपणच्या गल्लीनं ठेवलेलं; पुढे नाव तेवढं चिकटलं, ते का पडलं हे नव्या लोकांना ठाऊक नव्हतं. लाल आणि हिरवा हे दोन रंग त्याला वेगळे दिसत नसत. दोन्ही एकाच मातकट तपकिरीत मिसळून जात. पिवळा दिसे, निळा दिसे, पांढरा तर लख्ख दिसे. पण तेवढं ऐकून घ्यायला कुणाला सवड? एकदा का कळलं, की जो तो स्वतःच्या शर्टाची बाही चिमटीत धरून पुढे करी आणि विचारी, "सांग बघू, हा कुठला?" चुकलं तर हसू, बरोबर आलं तर "अंदाजानं सांगितलंस" म्हणून पुन्हा हसू.

वडील इंजिनड्रायव्हर होते, त्यामुळे यानंही तेच व्हायचं असं घरात न बोलता ठरलेलं होतं. पण रेल्वेभरतीच्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक समोर धरलं आणि ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायला सांगितला. रंगरावाला ठिपके दिसले, आकडा काही दिसला नाही. डॉक्टरनं पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग पुस्तकच मिटलं आणि पुढच्याला हाक मारली. वडील बाहेर बाकावर बसले होते. त्या दिवसापासून मुलाच्या नोकरीचा विषय निघाला की ते चहाचा कप उचलून आत निघून जात.

पुढे लग्न झालं ते एका मधपाळाच्या मुलीशी. सासऱ्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या बंद पडलेल्या एका छापखान्याच्या गच्चीवर होत्या. जावयाला वर नेऊन त्यांनी एकच गोष्ट पाहिली, त्याचे हात कापतात का. नाही कापले. तेवढ्यावर त्यांनी त्याला पदरी घेतलं, आणि ते गेल्यावर गच्ची, पेट्या आणि गिऱ्हाइकं सगळं रंगरावाकडे आलं.

मध थोडाफार निघेच, पण रंगरावाचं खरं काम राण्या तयार करण्याचं. चांगली, शांत, भरपूर अंडी घालणारी राणीमाशी हवी असली, की आसपासचे मधपाळ त्याच्याकडे येत. विकण्याआधी प्रत्येक राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यावा लागे. हजारो माश्यांच्या गर्दीत राणी झटकन सापडावी आणि ती कुठल्या वर्षीची हे कळावं, म्हणून. रंगराव पेटीतली पोळ्याची चौकट उन्हाकडे तिरकी धरी. राणी लांब पोटाची, चालीत घाई नसलेली. बाकीच्या माश्या तिच्यासाठी वाट सोडून बाजूला होत. त्या चालीवरून तो तिला ओळखी. मग उजव्या हाताच्या दोन बोटांनी पंखांना धरून अलगद उचली, डाव्या हाताच्या बोटावर तिचे पाय टेकू देई, आणि पंखांच्या मुळाशी, पाठीच्या मधोमध पेनाचं टोक टेकवी. रंग डोळ्यांवर जाता कामा नये, मानेच्या सांध्यात उतरता कामा नये. वाळेपर्यंत तो तिच्यावर हळूहळू फुंकर घाली. तेवढा वेळ कुणी हाक मारली तरी ओ देत नसे.

रंगांचा नियम मधपाळांमध्ये पक्का होता. एका वर्षी पांढरा, मग पिवळा, मग लाल, मग हिरवा, मग निळा, आणि पुन्हा पहिल्यापासून. लाल आणि हिरव्या वर्षांची तोड बायकोनं काढली होती. ती घरी शिवणकाम करी. लाल पेनाला ती दोऱ्याची एक गाठ मारी, हिरव्याला दोन. रंगराव अंगठ्यानं गाठ चाचपी आणि कामाला लागे. ही गोष्ट तिनं माहेरीसुद्धा कुणाला कळू दिली नव्हती. दोऱ्याचं कुणी विचारलंच, तर पेन हरवू नये म्हणून बांधलाय, असं सांगे.

त्या वर्षी लाल रंग होता. ऐन हंगामात बायकोच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि ती तिकडे गेली. नेमकं तेव्हाच लाल पेन वाळलं. रंगराव दुकानात गेला. दुकानदारानं काचेवर पेनांची पेटी उपडी केली आणि म्हणाला, "घ्या हवं ते." कुठलं लाल, एवढंच विचारायचं होतं. पण पाठीमागे दोन माणसं उभी होती. ती बाहीची चिमूट, ते "सांग बघू", सगळं त्याच्या अंगावर आलं. त्यानं ऐटीत एक पेन उचललं आणि बाहेर पडला. त्या पेनानं त्यानं हंगामाच्या साऱ्या राण्यांवर ठिपके दिले आणि त्या मधपाळ संघाकडे पोचत्या केल्या.

पेन हिरवं होतं.

संघाची बैठक शाळेच्या हॉलमध्ये भरली. संघाचा सेक्रेटरी औषधाच्या दुकानाचा मालक, बोलायला गोड आणि टोमणे मारण्यात वस्ताद. तो माईक हातात घेऊन म्हणाला, "आपल्या रंगरावांनी कमाल केली. यंदा लाल, हिरवा पुढच्या वर्षी. म्हणजे यांच्या राण्या अजून जन्माला यायच्या आहेत!" हॉल खदखदला. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो टायरचं दुकान चालवणारा पैलवान. त्याच्या हसण्यानं खुर्ची कुरकुरली. मग सेक्रेटरीनं समोरची फाइल उचलून दाखवली आणि विचारलं, "बरं, ही कुठल्या रंगाची, एवढं तरी सांगाल?"

रंगराव उठला. त्याच्या शेजारी कालच परत आलेली बायको होती. तिनं त्याचा सदरा खाली ओढला, पण तो बसला नाही.

"नाही सांगता येत," तो म्हणाला. "लाल आणि हिरवं मला एकच दिसतं. लहानपणापासून. आणखी कुणाला काही दाखवून विचारायचं असेल तर आत्ताच विचारा, पुन्हा विचारलेलं मी ऐकून घेणार नाही."

कुणी काही दाखवलं नाही. सेक्रेटरी जरा वरमला, मग समजुतीच्या सुरात म्हणाला की यात लाजण्यासारखं काही नाही, यापुढे ठिपके वहिनींनी द्यावेत आणि संघाच्या एका माणसानं ते तपासावेत, म्हणजे झालं.

"ठिपके मीच देणार," रंगराव म्हणाला. "आणि पांढरेच देणार. दरवर्षी पांढरे."

असं चालत नाही, सेक्रेटरीनं सांगितलं. मग संघ त्याच्या राण्या घेणार नाही. रंगराव म्हणाला, नका घेऊ.

घरी जाताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. त्याला वाटलं, हिला धंद्याची काळजी लागली असेल. पण तिचं दुखणं वेगळंच होतं. दार लावल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्षं मी गाठी मारल्या. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आणि तुम्ही भर सभेत एका दमात सांगून मोकळे. मग मी कशाला झाकत होते?"

याचं उत्तर रंगरावापाशी होतं, पण ते तिला कसं सांगावं कळेना. ती गाठ चाचपताना दरवेळी त्याला त्या डॉक्टरच्या खोलीत उभं असल्यासारखं वाटे. तिनं ती मायेनं बांधली होती आणि त्याला ती टोचत होती. तो एवढंच म्हणाला, "मला आता झाकायचं नाहीये." ती मशीनवर जाऊन बसली आणि बराच वेळ नुसतं चाक फिरवत राहिली.

अबोला पडला तो पडलाच. रंगराव दिवसभर गच्चीवर. पांढरं म्हणून तर बसलो, पण वर्ष कसं ओळखायचं? नुसता ठिपका सगळ्यांना सारखाच. मग त्याच्या डोक्यात आलं, रंग एकच राहू दे, खूण बदलू. एका वर्षी एक ठिपका, पुढच्या वर्षी दोन, मग आडवी रेघ, मग उभी, मग कोन. हे सगळं काढायचं ते मोहरीएवढ्या जागेत. त्यानं बारीक टोकाचं पेन आणलं आणि आधी नरांवर हात बसवायला घेतला. नरमाश्यांना नांगी नसते. बिचारे मुकाट्यानं पाठ रंगवून घेत आणि उडून जात. थोड्याच दिवसांत सगळ्या गल्लीभर पांढऱ्या पट्ट्यांचे नर भिरभिरायला लागले. एक जण खिडकीतून आत शिरून थेट शिवणाच्या कापडावर बसला. बायकोनं त्याला निरखून पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा गच्चीवर आली.

"हे तुमचेच पाहुणे ना?" तिनं विचारलं. "रेघ वाकडी आलीय." आणि इतके दिवस कोंडलेलं हसू तिला आवरेना. तोही हसला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. नरांवर साधलं ते राणीवर पहिल्याच खेपेला बिनसलं. आडवी रेघ काढताना राणीनं अंग चोरलं, रंग मानेत उतरला, आणि पेटीत सोडल्यावर कामकरी माश्यांनी तिला परकी समजून घेरलं. मुठीएवढा माश्यांचा गोळा झाला. रंगरावानं तो पाण्यात बुडवून फोडला, तोवर ती गेली होती. त्यानं तिला तळहातावर घेतलं. "सोडता का हा हट्ट?" बायकोनं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली, राणीला कुंडीतल्या मातीत पुरलं आणि दुसऱ्या पेटीचं झाकण उघडलं.

संघानं पाठ फिरवली, तशी गिऱ्हाइकं रोडावली. एक फळबागवाली आजी तेवढी येत राहिली. तिचं म्हणणं, म्हाताऱ्या डोळ्यांना पांढरंच बरं, लाल ठिपका शोधता शोधता चष्मा घसरतो.

आणि एका दुपारी पैलवान आला. गच्चीचे जिने चढून धापा टाकत, टायरनं काळ्या झालेल्या हातांनी. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, पाऊसपाण्याचं विचारलं, पेट्यांभोवती दोन चकरा घातल्या. मग खाली कुणी नाही ना हे पाहून हळूच म्हणाला, "ते पांढरं पेन कुठं मिळतं?"

रंगरावाला आधी कळलंच नाही. मग कळलं. सगळ्यांत मोठ्यानं हसणारा माणूस त्याच्यासमोर खाली मान घालून उभा होता. पैलवान म्हणाला की त्याच्या पेट्यांतलं लाल-हिरवं त्याचा भाचा पाहतो. आपण त्याला सांगतो, चष्मा घरी राहिला. ही गोष्ट कुणापाशी बोलू नकोस.

"नाही बोलणार," रंगराव म्हणाला. "राण्याही देईन, पेनही देईन. पण त्या दिवशी तू हसलास ना, ते पुन्हा हसायचं नाही."

पुढच्या बैठकीत सेक्रेटरीनं ठराव मांडला: नियमाच्या रंगाबाहेरची खूण असलेली राणी संघात विकता येणार नाही. विरोधात कोण, असं विचारलं तेव्हा रंगरावाचा एकट्याचा हात वर गेला. मग मागून खुर्ची कुरकुरली.

"माझ्याकडे पांढऱ्याच राण्या राहणार," पैलवान म्हणाला. "का, ते ज्याला विचारायचं असेल त्यानं बाहेर येऊन विचारावं." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "नाहीतर इथंच सांगतो. मलाही नाही दिसत."

या खेपेला कुणी हसलं नाही. पण ठराव मंजूर झाला, भरभक्कम मतांनी. दोघं बाहेर आले तेव्हा बायको फाटकाशी उभी होती. तिनं विचारलं, काय झालं. रंगराव म्हणाला, हरलो. "मग दोघांची तोंडं अशी फुललीत कशाला?" ती म्हणाली.

नियम अजून तसाच आहे आणि संघ रंगरावाच्या राण्या अजून घेत नाही. तो बैठकीला मात्र जातो, पहिल्या रांगेत बसतो आणि दरवर्षी तो ठराव पुन्हा वाचून कायम होतो तेव्हा विरोधात हात वर करतो. हंगामात गच्चीवर चुकूनमाकून एखादं नवं गिऱ्हाईक येतं, विक्रीच्या लहानशा पिंजऱ्यातली राणी उन्हात धरून बघतं आणि चाचरत विचारतं, हिच्या रंगाचं काय, यंदा तर पिवळा आहे ना?

"पांढरा आहे," रंगराव म्हणतो. "दोन ठिपके म्हणजे यंदाची. पटत असेल तर न्या. नसेल तर पिंजरा सावलीत ठेवा, तिला ऊन लागतंय."