डॉक्टरांची डेथ मीटिंग

असे जवळ बसा, आणि आधी तो टीव्ही बंद करा बघू. युद्धाच्या आरडाओरड्यात जेवता तरी कसे तुम्ही, घास उतरतो का? आमचे समोरचे डॉक्टर असते तर ताटावरून उठवलं असतं तुम्हाला. जयपुरातल्या आमच्या साऱ्या वैशाली नगरात, मी तर म्हणते साऱ्या राजस्थानात, इतका छळवादी सज्जन दुसरा सापडायचा नाही.

मूळचे आमच्याच अमरावतीकडचे. उमेदीची सगळी वर्षं फौजेच्या इस्पितळात ऑपरेशनं करण्यात गेली, बायको गेल्यापासून एकटेच. त्यांच्या इस्पितळात रोगी दगावला की सगळे डॉक्टर बसायचे, आणि ज्याच्या हातून गेला त्याने उभं राहून सांगायचं, काय केलं, काय राहिलं, कुठे चुकलं. याला म्हणे डेथ मीटिंग म्हणतात. नोकरी सुटली, पण ही खोड काही सुटली नाही. कुंडीतली तुळस वाळली तर हे कुंडीसमोर ताठ उभे, "पाणी जास्त झालं, चूक माझी." माझ्या पुरणपोळ्या फाटल्या तर मलाही उभं केलं, मतलब अक्षरशः, ओट्यापाशी, हातात लाटणं. "वहिनी, कणीक किती वेळ तिंबलीत?" मी म्हटलं, "डॉक्टर, सगळ्या तर तुम्हीच खाल्ल्यात, पुरावा कुठे उरलाय?" तर हा माणूस गंभीरपणे म्हणतो, "म्हणूनच तर साक्षीदार लागतो."

असं हसत असतानाच एकदा म्हणाले, "लढाईतून आलेलं जे जे पोर माझ्या टेबलावर गेलं, त्याच्यासाठी मी उभा राहिलो वहिनी. रक्त चढवायला उशीर झाला, हेही कबूल केलं. पण त्याला तिथे धाडलं कुणी, दुसरा काही मार्ग होता का, हे ज्याला विचारायचं तो त्या खोलीत कधी आलाच नाही."

यंदा प्रजासत्ताक दिनाला कॉलनीच्या बागेत एक पुढारी आले. कडक इस्त्रीचे कपडे, गळ्यात हार, आणि तोंडात एकच, इस बार आर-पार. भाषण झाल्यावर डॉक्टरांना शाल द्यायची होती. शाल खांद्यावर पडायच्या आत डॉक्टरांनी माइक घेतला. "नेताजी, जंग का फैसला आप लोग करेंगे. गलत निकला, तो मरे हुए लड़कों के घरवालों के सामने खड़ा कौन होगा? नाम बता दीजिए."

पुढारी गोड हसले. "डॉक्टरसाब, देश इस वक्त सवाल नहीं, जवाब चाहता है." झाला टाळ्यांचा कडकडाट.

"मैं भी वही मांग रहा हूँ," डॉक्टर म्हणाले आणि तसेच उभे राहिले. कुणीतरी माइक बंद केला. कॉलनीचे सेक्रेटरी दंड धरून म्हणाले, "बैठ जाइए डॉक्टरसाब, माहौल मत बिगाड़िए."

माझ्या अंगाची अजून आग होते. दूध नासलं तर दूधवाल्या भैयाला आपण दारात उभं करतो, पूल पडला तर कंत्राटदाराला धरतो, आणि देशाला लढाईत लोटणाऱ्याला काय, तर हार. कधी लढावंही लागतं, हे डॉक्टर नाकारत नाहीत. पण ठरवणाऱ्याने खरं कारण सांगावं, आणि ते खोटं निघालं तर पद सोडून लोकांपुढे यावं, एवढंही मागायचं नाही? ठरवणाऱ्यांचं काय जातं हो, जातात ती दुसऱ्यांची पोरं. आणि आमची कॉलनी तर त्याहून थोर. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, देशद्रोही म्हणून. जन्मभर जवानांच्या जखमा शिवलेल्या माणसाला हे कोण म्हणतंय, तर बोटाला सुई टोचली तरी ज्यांना भोवळ येते ते.

रविवारी त्यांच्या ओसरीवर पत्त्यांचा डाव बसायचा. आता कुणी फिरकत नाही. डॉक्टर तरी सतरंजी घालतात, पत्ते पिसून ठेवतात. मी जाऊन बसते, पण मला मेलीला पत्ते कळत नाहीत. परवा खाली बघत म्हणाले, "चुकलो वाटतं तर येऊन भांडा म्हणावं, वहिनी. हे न येणं फार लागतं."

म्हणून म्हणते, उन्हं तापायच्या आत जयपूरला या. त्यांचं पटो न पटो, समोर बसून दोन डाव खेळा त्यांच्याशी. लवकर या हो.