भावोजींना दिलेला हॉर्न

आमचे हे क्रेनवाले. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या उचलून गॅरेजात पोचवायच्या, हा यांचा आयुष्यभराचा धंदा. क्रेनवरचा पिवळा दिवा फिरताना दिसला की मागून येणाऱ्याने वेग कमी करायचा, जमलं तर पलीकडच्या लेनमध्ये जायचं, असा कायदा आहे. तो यांना तोंडपाठ. गाडीवाल्यांच्या मात्र गावीही नसतो. दोनदा जाणाऱ्या गाडीचा आरसा यांच्या कोपराला चाटून गेला, तेव्हा यांनी डोकं लढवलं. दिव्याला कोण विचारतो, माणूस उभा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, असं यांचं म्हणणं. मग माझ्याकडून स्वतःच्या जुन्या पँट-जॅकेटात चिंध्या भरून एक बुजगावणं करून घेतलं, वर टोपी. हुबेहूब हेच, फक्त पोट कमी. मी त्याला भावोजी म्हणायचे.

परवा यांचा गुडघा दाखवायला क्रेन घेऊनच गेलो होतो. धावायचं नाही, उडी मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. परतताना वाटेतच फोन आला, पुलाजवळ गाडी बंद पडली होती. मी केबिनमध्येच बसून राहिले. यांनी दिवा लावला, मागे भावोजींना उभं केलं आणि हुक अडकवायला वाकले.

लांबलचक हॉर्न वाजला, मग धप्प असा आवाज. आरशात पाहिलं तर जॅकेट हवेत. आत कोण आहे हे कळेपर्यंत मी विधवा होऊन बसले होते.

कार पुढे जाऊन थांबली. उतरलेला माणूस पांढराफटक पडला होता. चिंध्या दिसल्या आणि त्याचा जीव भांड्यात पडला. चक्क हसला.

हे त्याच्यापाशी गेले. "दिसला नाही का तुम्हाला?"

"दिसला की. हॉर्न दिला ना मी. म्हटलं, माणूस आहे, होईल बाजूला."

डुलकी लागली म्हणाला असता, तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. पण याला माणूस दिसला होता! तो बंपर चाचपून निघूनही गेला.

घरी आल्यावर चिंध्यांचं बोचकं यांनी मोरीपाशी टाकलं. पुन्हा शिवून देऊ का, असं मीही विचारलं नाही. सकाळी हे कामावर निघाले, तेव्हा दारात अडवलं.

"अहो, हॉर्न ऐकला की आधी उडी मारा."

कायदा गाडीवाल्यांसाठी केलेला, आणि उडी मारायला मी माझ्या नवऱ्याला सांगत होते.

"गुडघ्याला विचारून बघतो," हे म्हणाले आणि क्रेनची किल्ली घेऊन गेले.