तांदळाच्या रंगाचा दात

भिमीचं कौतुक करायला मी बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. ती बाई आमच्या लॅबमध्ये आली तेव्हा तिच्या हातात झाडू होता आणि माझ्या हातात ब्रश. आता दोघांच्याही हातात ब्रश आहे. माझं दुखणं तेवढंच, पण ते काही लहान नाही.

लॅब म्हणजे शहापूरच्या बाजारात मेडिकलच्या वरच्या दोन खोल्या. मालक देवजीशेठ. आसनगाव, किन्हवली, मुरबाडचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, आम्ही त्यावर सिरॅमिकचे दात करून देतो. पांढरी पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशने थरावर थर चढवायचे आणि नऊशे डिग्रीच्या भट्टीत घालायचं. भट्टीत दात आकसतो, म्हणून आधी मोठा करावा लागतो. एकदा भाजून निघाला की तो गंजत नाही, किडत नाही, मिश्रीने काळा पडत नाही. शरीर त्याला परका मानत नाही, हिरडी त्याच्याभोवती गुमान बसते. फरशीवर पडला तर मात्र टवका उडालाच म्हणून समजा.

हे शिकायला मी मुंबईत डिप्लोमा केला. त्याला बावीस वर्षं झाली. आणि भिमी? डोळखांबच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. सातवीपर्यंत शाळा, बाकी सगळी अक्कल भाताच्या खाचरातली. भात लावायचं, कापायचं, सडायचं, पाखडायचं. नवऱ्याला भातसानगरला काम मिळालं आणि ती आमच्याकडे झाडलोटीला, प्लास्टरची भांडी धुवायला लागली. दोन वर्षं मी तिचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. बरं होतं तेव्हा!

मुरबाडच्या एका शिक्षिकेचा दात रंग जुळत नाही म्हणून दोनदा परत आला होता. तिसऱ्या वेळी बाई स्वतःच आल्या. मी रंगांच्या सोळा पट्ट्या एकेक करून त्यांच्या ओठाशी धरत होतो. मागून भिमी बोलली, "दादा, बाईंचं दात जुन्या तांदळावानी हायेत. तुमी नव्याचा रंग लावताय."

"भिमे, बादली उचल आणि चालती हो," मी म्हटलं.

शेठ म्हणाला, "थांब गो. काय म्हणालीस?"

"नवा तांदूळ पांढराफटक असतो, शेठ. जुना जरा पिवळा. पन त्याच्या टोकातनं उजेड जातो. बाईंचं तसंच हाय."

शेठने मला तसा दात करायला लावला. बसला. असा बसला की बाईंना स्वतःला आरशात तो ओळखता येईना. त्यांनी पेढे पाठवले. दात मी केला, आणि पेढ्यांचा पुडा कुणाच्या हातात? भिमीच्या!

तेव्हापासून रंग बघायला भिमी, खिडकीपाशी बसायला भिमी. आम्ही पट्टीवरचे आकडे वाचून ए-टू, ए-थ्री म्हणायचो, ती म्हणायची हातसडीचा, कणीचा, दोन वर्षं मुरलेल्याचा. सहा महिन्यांत शेठने तिच्या हातात ब्रश दिला. ती दातावर केसाएवढी फिकट रेघ काढायची, उभी, दिसेल न दिसेल अशी. मी विचारलं, हा कसला तडा पाडतेस? तर म्हणाली, "वापरलेल्या दाताला असतीच की, दादा." आणि असतेच हो! बावीस वर्षं मी दात बघतोय, पण ती रेघ काढायचं माझ्या डोक्यात आलं नाही. जळलो मी. लपवत नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एकदा तिला तोंडावर पाडायचं ठरवलं. मुरबाडचे एक एसटी कंडक्टर आले होते. तोंड उघडं ठेवलं की दात सुकतात, आणि सुकलेला दात आहे त्याहून पांढरा दिसतो. आमच्या कामातलं हे पहिलं शिक्षण. मी त्या बिचाऱ्याला पंख्याखाली वीस मिनिटं आ करून बसवलं आणि मग हाक मारली, "ये भिमे, दाखव तुझी नजर."

तिने बघितलं. मग त्यांना पाण्याचा पेला दिला. "तोंड मिटा काका, वाईच बसा," म्हणाली आणि भांडी विसळून परत आली. रंग बरोबर सांगितला. जाताना माझ्याजवळ हळूच म्हणाली, "सारवलेलं आंगन सुकलं की फिकं दिसतं ना दादा, तसं झालं व्हतं." शेठकडे चुगली केली असती तर मी दोन हात भांडलो असतो. एक अक्षर बोलली नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

अशात माझ्या बायकोचा दात तुटला. नम्रता आटगावला अंगणवाडीत आहे. हापशाचा दांडा उसळून तोंडावर बसला आणि वरचा समोरचा दात अर्धा गेला. डॉक्टरांनी तो घासून वर सिरॅमिकची टोपी बसवण्यासाठी तयार केला. मी म्हटलं, हा दात मीच करणार. लोकांनी नम्रताचं हसू बघावं आणि शेखरचा हात म्हणावं, एवढंच मला हवं होतं. भिमीचं बोटसुद्धा त्याला लागू द्यायचं नव्हतं. म्हणून मी नम्रताला लॅबमध्ये नेलंच नाही. संध्याकाळी घरात, ट्यूबलाइटखाली रंग बघितला. रंग दिवसाउजेडी बघायचा, हे मीच दुसऱ्यांना शिकवतो. पण तेव्हा डोक्यात भिमी होती.

एकामागोमाग चार दात केले, पहिले तीन मलाच पटले नाहीत. चौथा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी तात्पुरता चिकटवला. नम्रता आरशात बघून म्हणाली, "छान झालाय हो." मी खूश. मग ती ओठ मिटून बोलायला लागली, दारात कोणी आलं की पदर तोंडाशी. मी मनाला समजावलं, नवा आहे, होईल सवय.

एका मंगळवारी मी दात पोचवायला मुरबाडला गेलो होतो. परत येऊन जेवायला बसलो. नम्रता म्हणाली, "आज पक्का बसवला डॉक्टरांनी." आणि शेजारच्या बकरीने अंगणवाडीत शिरून हजेरीच्या वहीचं पान कसं खाल्लं ते सांगता सांगता खळखळून हसली.

माझा घास हातातच राहिला. दात शेजारच्या दातासारखा होता. टोकाला उजेड होता. आणि उभी, केसाएवढी रेघ.

"हा कुठला?" मी विचारलं.

"अगोबाई, कुठला म्हणजे? तुमचाच. बसायला जरा वेळ लागतो म्हणाले डॉक्टर." तिला धड खोटंही बोलता येत नाही.

सकाळी लॅब उघडताच मी भिमीला गाठलं. "नम्रता आली होती इथे?"

तिने हातातलं काम खाली ठेवलं. "आल्त्या, मागल्या मंगळवारी, तुमी दात पोचवायला गेल्ता तवा. लई रडल्या, दादा. म्हणल्या, पोरं विचारतात, बाई तुमी आमच्यावर रागावल्या का? हसत का नाय? तुमाला कळू देऊ नको म्हणल्या. तुमचं मन मोडंल म्हणून."

"मग आता मला कशाला सांगतेस?"

"तुमी ओळखणार, म्हाईत होतं मला. दुसरं कोन ओळखणार?" मग हळूच म्हणाली, "तुमचाच म्हणा. मी नाय बोलायची कुनाला."

मला तिला शिव्या द्यायच्या होत्या.

तेवढ्यात देवजीशेठ जिना चढून आला, तो मोठ्याने बोलतच. "शेखर, लेका! स्टेशनवर वहिनी भेटल्या. काय दात केलायस रे! बावीस वर्षांत असा केला नाहीस. फोटो काढून आण, मुरबाडच्या सगळ्या डॉक्टरांना पाठवतो. तुझ्या नावाने."

भिमीने पाठ फिरवली आणि नळ सोडून ब्रश धुवायला लागली. धुतलेलाच ब्रश होता तो. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते, भिमीने केलाय, शेठ.

"घरचं काम ना, शेठ," मी म्हटलं. "जीव ओतून केलं."

फोटो गेला. त्यावर चार नवे डॉक्टर जोडले गेले, आणि प्रत्येकाला दात शेखरच्याच हातचा हवा असतो. ते दात भिमी करते, डब्यावर नाव माझं घालते. आणि नम्रता आता घरभर हसत असते. ती हसायला लागली की मी मान खाली घालून जेवतो.