चित्रातली अक्षरं टाका

वेबसाइट बनवणाऱ्यांकडे किस्से साठतात, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून काय किस्से घडणार? पण आमच्या नांदेडच्या ऑफिसात आठवड्याला एखादा तरी घडतोच. जुने ऐकवून होईपर्यंत नवा तयार!

मी शिकायला काही वर्षं स्कॉटलंडमध्ये होते. न दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या, हात नीट न चालणाऱ्या माणसांनाही वेबसाइट वापरता आली पाहिजे, हा माझा विषय. परत आले ती लढायच्या तयारीनं. लोक विरोध करतील, "कशाला पाहिजे हे?" म्हणतील, मग मी त्यांना पटवीन, असं डोक्यात होतं. भाषणंसुद्धा तयार होती.

इथं कुणी विरोधच केला नाही! "हाव ताई, बरोबर हाय तुमचं. झालंच पाहिजे." जो तो असं म्हणाला, माझ्यासाठी चहा मागवला आणि जे चाललं होतं ते तसंच चालू ठेवलं. पटलेल्या माणसाला पुन्हा कसं पटवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

* * *

ऑफिस म्हणजे आम्ही तिघं. मी, बालाजी आणि अफसरभाई. बालाजी मुखेडचा, डिझाइन करतो. अफसरभाई पन्नाशीचे, जन्मापासून अंध. पूर्वी बसस्टँडजवळ त्यांचा एसटीडी बूथ होता. मोबाइल आले आणि बूथ गेला. आता ते आमच्या वेबसाइट तपासतात. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटर मोठ्यानं वाचतो, अफसरभाई ऐकतात आणि कुठं अडलं ते सांगतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी वाचनाचा वेग इतका वाढवला की नुसती घरघर ऐकू येत होती. बालाजी धावत आला. "मशीन बिघडलं का? काय बोलून राहिलं हे?"

"बातम्या वाचून राहिलं," अफसरभाई शांतपणे म्हणाले. "तू डोळ्यानं हळूहळू वाचतो, त्याला मी काय करू?"

* * *

लातूरच्या एका कॉलेजचं काम आलं, त्या दिवशी अफसरभाई फार खुशीत होते. त्यांच्या नझनीनला बारावीनंतर त्याच कॉलेजात जायचं होतं आणि प्रवेशाचा फॉर्म आम्हीच बनवणार होतो.

"ताई, पहिलीपासून तिचे फॉर्म कुणी ना कुणी भरले. मास्तरांनी भरले, शेजाऱ्यांनी भरले, मोठी झाल्यावर तिनंच भरले. मी नुसता अंगठा. 'इथं द्या, जरा वर द्या.' आता तिला अठरा पूर्ण होतील, मग बापाची सही कोण विचारतंय? हा शेवटचा. हा मी भरणार, एकट्यानं."

मी उत्साहात म्हणाले, "अहो, अडलं तर मी आहेच की! भरून देईन."

ते हसले. "बूथवर लोकं नंबर सांगायचे, मी लावून द्यायचो. पण बोलायचे तेच. मी कधी म्हणालो न्हाई, राहू द्या, तुमच्या बायकोशी मीच बोलतो!"

* * *

बालाजीनं पहिलं पान केलं. देखणं होतं. अफसरभाईंनी पानावरच्या सगळ्या लिंक एकामागून एक वाचायला लावल्या. कॉम्प्युटर म्हणाला, "येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा." असं चौदा वेळा.

"हे तर बसस्टँडवरच्या ऑटोवाल्यांसारखं झालं," अफसरभाई म्हणाले. "सगळेच 'इकडं या, इकडं या'. कुठं नेणार ते कुणी सांगंना!"

बालाजीनं त्याच संध्याकाळी चौदाही लिंकला नावं दिली. आता तो स्वतःच दुसऱ्यांच्या वेबसाइट उघडून म्हणतो, "ऑटोस्टँड हाय हे!"

* * *

कॉलेजचे ऑफिस सुपरिटेंडेंट बिराजदार साहेब. माणूस अतिशय मायाळू. मी लातूरला जाऊन त्यांना सगळं समजावलं. अंध मुलं, त्यांचे पालक, कायदा, सगळं. तासभर बोलले. ते मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अहो ताई, आमच्याकडं हाय ना!"

मी थक्क. "काय आहे?"

"रॅम्प! मेन गेटलाच बांधलाय. त्याचा एक चांगला फोटो काढा आन टाका वेबसाइटवर."

* * *

त्यानंतर फोटोंचा प्रश्न आला. प्रत्येक फोटोला एक ओळ जोडायची असते. फोटोत काय आहे ते ज्याला दिसत नाही, त्याला कॉम्प्युटर ती ओळ वाचून दाखवतो. मी बिराजदार साहेबांना म्हटलं, एकच साधी ओळ लिहा.

त्यांनी लिहिलं. दीपप्रज्वलनाचा फोटो. डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं, मागे 'माननीय', पुढे 'साहेब', पद, माजी पद, कुणाच्या अध्यक्षतेखाली, कुणाच्या शुभहस्ते. मागच्या रांगेतलेसुद्धा सुटले नाहीत. असे चार फोटो, आणि त्यांच्या खाली प्रवेशाचं बटण!

अफसरभाईंनी पूर्ण ऐकलं. "ताई, बटणापर्यंत पोचेस्तोवर सगळ्यांचा सत्कार उरकला. आता आभारप्रदर्शन ऐकूनच निघू का?"

मी फोन करून नावं कमी करायला सांगितलं. बिराजदार साहेब म्हणाले, "करा की. कुणाचं काढायचं ते तुम्ही ठरवा. ज्याचं काढाल, त्याला कळवायचं पण तुम्हीच."

शेवटी आम्ही सगळ्यांना ठेवलं. बटण तेवढं फोटोंच्या वर घेतलं.

* * *

खरी अडचण पुढेच होती. बिराजदार साहेबांचा फोन आला. "ताई, शेजारच्या कॉलेजच्या फॉर्मला शेवटी ती वाकडीतिकडी अक्षरं येतात बघा. ओळखून टाकावी लागतात. आपल्याला पण पाहिजेत. आन त्यांच्यापेक्षा अवघड!"

त्याला कॅप्चा म्हणतात. ती अक्षरं म्हणजे चित्र असतं. कॉम्प्युटरला ते वाचता येत नाही, म्हणून ज्याला दिसत नाही तो तिथंच अडकतो. मी सांगितलं, त्याऐवजी मोबाइलवर एक नंबर पाठवू, तो टाकला की झालं. मी ते बनवूनही ठेवलं होतं.

"हाव, बरोबर हाय तुमचं," साहेब म्हणाले. "पण अक्षरं बसवायचं मीटिंगमध्ये ठरलंय. काढायची तर नवा ठराव लागतो."

"मीटिंग कधी आहे?"

"प्रवेश आटोपले की लगेच!"

नाइलाजानं ती अक्षरं बसवली आणि मी पुन्हा लातूर गाठलं. म्हटलं, साहेब, एकदा तुम्हीच भरून बघा. त्यांनी चष्मा पुसला आणि भरलं. चूक. पुन्हा भरलं. चूक. मग क्लार्कला बोलावलं. "अहो, हे सात हाय का एक?"

"सर, मला तर झेड दिसून राहिलाय."

झेडही चुकला. आता तरी पटेल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. साहेब खुर्चीत मागे रेलले. चेहऱ्यावर मोठं समाधान.

"बघा ताई, किती सेफ हाय! मलाच जाऊ देईना!"

वेबसाइटचा पासवर्ड माझ्याकडेच होता. पण ज्याचं काम, त्याच्या परवानगीशिवाय एक अक्षरही बदलायचं नाही, हा माझाच नियम. मी लेखी विनंती पाठवली आणि ठरावाची वाट बघत राहिले.

* * *

ठराव आला नाही. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला, अफसरभाई इस्त्रीचा शर्ट घालून फॉर्म भरायला बसले. "थांबा अजून," असं मी त्यांना सकाळीच म्हणाले होते. "किती थांबू ताई? उद्या पाचला बंद होतो," असं त्यांचं उत्तर.

एकेक रकाना ऐकत, टाइप करत ते पुढं गेले. नझनीनचं नाव. जन्मतारीख. बारावीचे मार्क. 'पालकाचे नाव' ऐकल्यावर त्यांनी खुर्ची जरा पुढं ओढली. बालाजी आणि मी मागं उभे होतो.

मग कॉम्प्युटर म्हणाला, "चित्रातली अक्षरं टाका. ग्राफिक."

चित्र आलं की कॉम्प्युटर एवढाच शब्द म्हणतो. अफसरभाईंनी मागं जाऊन पुन्हा ऐकलं. "ग्राफिक."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "कॅपिटल के, सात, एम..."

त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

"अहो टाका की, अफसरभाई!" बालाजी कळवळला. "ह्या पानाचा टाइम संपून राहिला, सगळं पुसून जाईल!"

"नुसता फॉर्मच भरायचा असता, तर नझनीननं मोबाइलवर पाच मिनिटांत भरला असता," ते म्हणाले.

हात मांडीवरच राहिले. थोड्या वेळानं कॉम्प्युटरच बोलला, "वेळ संपली आहे. कृपया पुन्हा सुरुवात करा." सगळे रकाने कोरे झाले.

अफसरभाईंनी घडीची काठी उघडली. "उद्या दहाला येतो, ताई. लेकीला सांगून ठेवलंय, चारपर्यंत माझं झालं न्हाई तर तू भर. तिचं वर्ष न्हाई घालवणार मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी ऑफिस उघडलं. कॅप्चा काढून टाकला. तिथं मोबाइलवर येणारा नंबर लावला. मॉनिटर बंद करून, नुसतं ऐकत, दोनदा पूर्ण फॉर्म भरून पाहिला. मग बिराजदार साहेबांना घरी फोन लावला.

"साहेब, ती अक्षरं मी काढलीत. ठराव कराल तेव्हा लिहा, की न विचारता काढली. खाली माझं पूर्ण नाव टाका."