योसेफाच्या पुढचे वाचन

गेल्या नाताळच्या आठवड्यात माझ्या मुलीने तिच्या आजोबांना सांगितले, "आप्पा, इस बार मेरा नाम मत लेना," आणि आमच्या घरातला सण एकदम मुका झाला. आप्पांच्या डोळ्यावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची हिरवी पट्टी होती, ती त्यांनी उगाचच सारखी केली आणि म्हणाले, "बरं बाळ, नाही घेणार."

हे नाव घेणे म्हणजे काय, ते आधी सांगते. आमचे गाव नगरकडचे. नाताळच्या आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर कुटुंबप्रार्थना व्हायची आणि तिथे प्रभू येशूची वंशावळ वाचली जायची. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. आम्हा पोरांचा जीव करंज्यांच्या डब्यात अडकलेला. देवाने एवढ्या मोठ्या शुभवार्तेची सुरुवात शाळेच्या हजेरीसारखी का करावी, हे मला तेव्हा कळले नाही, आणि पुढे चार पुस्तके शिकून प्राध्यापक झाल्यावरही कळले नव्हते. वाचन योसेफ, मरीया आणि बाळ येशू यांच्यापर्यंत आले की माझे आजोबा, म्हणजे आप्पांचे वडील, पुस्तक मिटायचे. मग डोळे मिटून ते आमच्या घराची नावे घ्यायचे. दावीद राजा आणि शलमोन यांच्या मागोमाग आमचा म्हादू आणि त्याचा दगडू! आम्ही तोंडावर हात दाबून हसायचो. पण शेवटी आपले नाव येणार म्हणून कान टवकारलेले असायचे. सर्वांत धाकट्याचे नाव आले की "आमेन" आणि मग करंज्या. त्या ओसरीवरचा कंदील, आजोबांचा खर्जातला आवाज आणि ताज्या तळणीचा वास अजून माझ्याबरोबर आहे. ती ओसरी आता आमची नाही. आई गेल्यावर आप्पांना मी चंडीगडला आणले आणि त्यांनी सोबत ही रीत आणली.

माझी मुलगी सगुणा आमच्याकडे आली तेव्हा वर्षाचीही नव्हती. ती आम्हाला दत्तक मिळाली, हे तिला कळत्या वयापासून माहीत आहे. आम्ही कधी लपवले नाही. आप्पांनी तिला आपल्या आईचे नाव दिले. तिच्या मैत्रिणी तिला सग्गू म्हणतात. ती मराठी सगळे समजते आणि उत्तर हिंदीत देते, इथली बहुतेक मराठी पोरे देतात तसे. दरवर्षी नावांच्या शेवटी स्वतःचे नाव आले की ती टाळ्या पिटायची. गेल्या वर्षी मात्र विज्ञानाच्या तासाला आनुवंशिकता शिकवली आणि बाईंनी मुलांना घरातल्यांच्या कानाच्या पाळ्या चिकटलेल्या आहेत की सुट्या, ते बघून यायला सांगितले. सगुणाने माझ्या पाळ्या पाहिल्या, बाबांच्या पाहिल्या, आप्पांच्या पाळ्या बोटांनी चाचपल्या. मग आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. तिच्या पाळ्या आमच्यापैकी कोणासारख्याच नव्हत्या. त्यानंतरच तिने आप्पांना ते सांगितले.

मी तिला जवळ घेऊन समजावले. रक्ताचे काय घेऊन बसलीस, प्रेम महत्त्वाचे, वगैरे. तिने शांतपणे विचारले, "तो फिर बाइबल में इतने सारे नाम क्यों हैं, मम्मा?" रक्त महत्त्वाचे नव्हते, तर देवाने अब्राहामापासून पिढ्या का मोजाव्यात? त्या नावांचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. माझ्या मुलीला माझ्याच धर्मपुस्तकाने दाराबाहेर उभे केले आहे असे वाटले. नावांच्या वाचनाच्या दिवशी सकाळी माझ्याकडून प्रार्थना झालीच नाही. सिंकपाशी उभी राहून मी एवढेच म्हटले, प्रभू, माझ्याजवळचे शब्द संपले, आता तूच बघ.

संध्याकाळी आसपासच्या मोहाली, पंचकुला, झिरकपूर इथली ओळखीची तीन-चार मराठी कुटुंबे आमच्याकडे जमली. धुके असे पडले होते की समोरच्या सेक्टरचे दिवे दिसत नव्हते. झिरकपूरच्या मंडळींनी सोबत एका तरुण नर्सला आणले होते. ती अमरावतीकडची. रजा मिळाली नाही म्हणून नाताळला एकटीच होती. आप्पांना डोळ्यामुळे वाचता येईना, तेव्हा पाहुणीचा मान म्हणून पवित्र शास्त्र त्यांनी तिच्या हाती दिले. "पुरा अध्याय वाचू ना जी?" तिने विचारले, पण खुर्च्यांच्या खडखडाटात ते कोणी ऐकले नाही. सगुणा आतल्या खोलीच्या दारात स्वेटरच्या बाह्या ओढत उभी होती. खोलीत येऊन बसायला तयार नव्हती.

नावे संपली. आता घरची नावे झाली की करंज्या, म्हणून बायका सवयीने ताटांकडे उठल्या. पण आमची रीत त्या मुलीला कुठून माहीत असणार? ती वाचतच राहिली. थांबवायला आप्पांनी हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. मरीयेला बाळ होणार आहे आणि ते आपले नाही हे योसेफाला कळते, तो तिला गुपचूप सोडायचा विचार करतो, स्वप्नात दूत त्याला सांगतो की भिऊ नकोस, तिला घरी आण, आणि बाळाचे नाव तू ठेव. मी हे दर नाताळला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ऐकत आले होते. नावे घरी ऐकायची, ही गोष्ट देवळात. दोन्ही एकाच पानावर, एकापाठोपाठ आहेत, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते!

दारातून आवाज आला, "आप्पा, वो सारे नाम योसेफ के थे? जीसस तो योसेफ का था ही नहीं."

"नव्हताच गं," आप्पा म्हणाले. "पण योसेफानं त्याला घरी आणलं, नाव ठेवलं. मग योसेफाचे आजे-पणजे त्याचेच झाले की."

"बस? इतना ही?"

"इतकंच. पण इतकं करायला त्याला लय भ्या वाटलं असंल. मलाबी वाटलं होतं, तुला पहिल्यांदा उचललं तवा."

सगुणा येऊन सतरंजीच्या कडेला बसली.

आप्पांनी डोळे मिटले. "म्हादूला दगडू झाला. दगडूला लाजरस झाला. लाजरसाला मी." मग त्यांनी माझे नाव घेतले आणि ते थांबले. दिलेल्या शब्दाला जागले बिचारे. तिचे नाव मीच घ्यावे असे मला वाटले.

"आणि मग सगुणा," ती म्हणाली. मराठीत, खणखणीत.

आमेन म्हणायला आप्पांचा आवाज फुटला नाही. ते आम्ही सगळ्यांनी म्हटले.

ती नर्स पुढे दक्षिणेत नोकरीला गेली. तिने त्या संध्याकाळी काय केले हे तिला माहीत नाही, आणि मी त्याला चमत्कार म्हणा असे कोणाला सांगत नाही. एका परक्या मुलीला आमची रीत ठाऊक नव्हती, एवढेच घडले. पण मी विनवणी केली होती आणि उत्तर आले होते. शल्तीएल कोण, जरुब्बाबेल कोण, हे आजही मला धड सांगता येणार नाही. मात्र ती नावे आता मला कंटाळवाणी वाटत नाहीत. अब्राहामापासून चालत आलेली ती एवढी लांब वाट शेवटच्या पावलाला रक्तावरून गेलीच नाही, एका घाबरलेल्या सुताराच्या होकारावरून गेली. सगुणाला माझी करून घ्यायला मी किती धडपडत होते! माझ्याकडे देण्यासारखा फक्त होकार होता, आणि तो तर मी तिला पहिल्यांदा कुशीत घेतले तेव्हाच दिला होता. पुढचे सगळे देवाच्या हाती होते. ते त्याने केले, म्हणून मी त्याचे उपकार मानते.